फिकट हिरवा

त्या वर्षी माझ्याकडे चौदा मुलं, चौदा करवंट्या आणि तीन रंग होते. गेरू, रामरज आणि नीळ. गेरूला आम्ही लाल म्हणायचो, रामरजेला पिवळा आणि निळीला निळा. खरं तर गेरू विटकरी असतो आणि रामरज मातकट पिवळी. पण बाजारातल्या झगझगीत पिवळ्या पुडीत शिसं असतं हे मला माहीत होतं, आणि चार-पाच वर्षांची मुलं बोटं चाटतात हेही माहीत होतं. म्हणून मी अब्बांना सांगितलं होतं, दिसायला कमी चालतील, पण पोटात गेले तरी चालतील असे द्या.

अब्बा म्हणजे जव्हारचे शरीफ पेंटर. दुकानांच्या पाट्या, जीपच्या नंबरप्लेटा, कुणाच्या घरावर नाव आणि साल, असं सगळं ते लिहायचे. दुकानात रंगाच्या सुट्या पुड्याही विकायचे. मोखाड्याच्या आठवडे बाजारात बसायला जायचे तेव्हा पुड्यांची पत्र्याची पेटी बरोबर असायची. बालवाडीसाठी त्यांनी तिन्ही रंग दोनदा चाळले, कागदावर रंग धरून राहावा म्हणून त्यात बाभळीच्या डिंकाची पूड मिसळली, आणि प्रत्येक पुडीवर रंगाचं नाव लिहिलं. मुलांना वाचता येत नाही हे मी सांगितलं, तर म्हणाले, तुला येतं ना.

मी नुकतीच नाशिकहून रसायनशास्त्रात बी. एस्सी. होऊन आले होते. साल अठ्ठ्याण्णव. जव्हारात बालवाड्या चालवणारी एक संस्था होती, तिने मला दाभोशाच्या अलीकडच्या एका पाड्यावर नेमलं. सकाळची जीप, मग वीस मिनिटं पायवाट, भाताच्या खाचरांच्या बांधावरून. बालवाडी म्हणजे कुडाच्या भिंतींची एक खोली आणि बाहेर आंब्याखालचं सारवलेलं अंगण. मदतीला पाड्यातल्याच गौराबाई होत्या. मुलं गोळा करणं, खिचडी शिजवणं, रडणाऱ्याला कडेवर घेणं, आणि माझी मराठी मुलांना कळली नाही तर त्यांच्या बोलीत सांगणं, ही त्यांची कामं. शेवटचं काम आम्हाला दोघींनाही वाटत होतं त्यापेक्षा फार मोठं होतं, पण ते पुढे.

रंगांचा पाठ माझ्या डोक्यातला होता. संस्थेच्या अभ्यासक्रमात फक्त रंग ओळखणं होतं. हा लाल, हा पिवळा, म्हणा माझ्या मागे. मला वाटायचं, दोन रंगांतून तिसरा निघतो हे मुलाने स्वतःच्या बोटाने केलं पाहिजे. त्यात एक कारण असतं आणि एक परिणाम असतो, आणि दोन्ही डोळ्यांसमोर घडतात. संस्थेच्या वर्षाताई आमच्या कामावर देखरेख ठेवायच्या. त्यांना कल्पना आवडली. त्या म्हणाल्या, तू दोन आठवडे करून बघ. मुलांच्या हातचे नमुने त्यानंतरच्या सोमवारी ऑफिसात आण. जमलं तर बाराही बालवाड्यांत करू, आणि रंग तुझ्या वडिलांकडूनच घेऊ. मग जरा थांबून म्हणाल्या, पण रंग कसे आहेत ते तूच लिहून द्यायचंस. तुझे वडील आहेत म्हणून मी डोळे मिटून हो म्हणणार नाही, आणि तुझे वडील आहेत म्हणून नाहीही म्हणणार नाही.

मला ते रास्त वाटलं.

पहिल्या पाठाच्या दिवशी मी कॉलेजातली माझी वड्यांच्या रंगांची जुनी पेटी नेली होती. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात निळा सोडला, दुसऱ्या पेल्यात पिवळा, आणि दोन्ही तिसऱ्या पेल्यात ओतून उन्हात धरले. गर्द हिरवा. कमू नावाची एक मुलगी पेल्याच्या मागे जाऊन बघून आली, तिकडून कुणी काही करत नाही ना म्हणून. ही कमू गौराबाईंची नात.

मग त्यांची पाळी. करवंट्या मांडल्या. प्रत्येकीत मी स्वतः चमचाभर रामरज आणि अर्धा चमचा नीळ घातली, पाणी घातलं, आणि अंगणाच्या मधोमध उभी राहून मोठ्याने सांगितलं, “हा निळा. हा पिवळा. आता ढवळा.”

सगळी मुलं एका मुलाकडे बघून हसायला लागली. त्या मुलाचं नाव ढवळू. तो लाजून गौराबाईंच्या मागे लपला. वर्गातल्या प्रत्येक हसण्याचं कारण शोधत बसलं तर शिकवणं होत नाही, म्हणून मी पुन्हा एकदा सांगितलं, “हसू नका, ढवळा.” तेवढ्यात लाडक्या नावाच्या मुलाने करवंटी तोंडाला लावलेली दिसली. मी अंगणाच्या त्या टोकाला धावले. परत येईपर्यंत बाकीच्यांची बोटं रंगात बुडालेली होती. गौराबाई त्यांच्या मधून एक वाडगा घेऊन फिरत होत्या. वाडग्यात पातळ पांढरं काहीतरी होतं. कुणा लहानग्यासाठी पेज असेल, असं मी धरून चालले.

संस्थेच्या जुन्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मुलांनी रंग फासले. वाळल्यावर मी कागद ओळीने मांडले. चौदाही कागदांवर हिरवा आला होता, पण फिकट. माझ्या पेल्यातल्या हिरव्याशी त्याचं काही नातं दिसत नव्हतं. त्यांच्यातही एकसारखेपणा नव्हता, काही अगदी दुधाळ, काही बरे. दोन दिवसांनी गेरू आणि रामरजेचा नारिंगी केला. तोही तसाच, भोपळ्याच्या गराऐवजी त्याच्या बियांकडे झुकणारा. मी वहीत तक्ता केला: प्रमाण, पाणी, ऊन, वाळायला लागलेला वेळ. पाणी कमी केलं, तरी फिकट. रंग वाढवला, तरी फिकट.

दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी दुपारी मी त्या तक्त्याखाली लिहिलं: पुडीत पांढरा पदार्थ मिसळलेला असावा. शक्यता, खडू.

हे लिहिताना माझा हात थांबला नाही. आज मला त्याचंच नवल वाटतं. रंगात खडू मिसळतात हे सगळ्यांना माहीत होतं. वजन वाढतं आणि रंग फिकट होतो. निरीक्षणाशी ते जुळत होतं. जुळतंय म्हणजे खरंच असेल, असं मला वाटलं.

संध्याकाळी जेवताना मी अब्बांना विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला होता. “अब्बा, त्या पुड्यांमध्ये थोडा खडू घालता का?”

अम्मीने माझ्याकडे बघितलं आणि मग डाळीच्या भांड्याकडे. अब्बांनी हातातला घास खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, “खडूचा डबा वेगळा आहे. त्यावर खडू लिहिलंय.”

मी म्हटलं की मी आरोप करत नाही, नमुने फिकट येतात, चौदापैकी चौदा, दोन्ही वेळा. त्यांनी विचारलं, सोमवारी काय लिहून द्यायचं आहे तुला? मी सांगितलं. ते उठले, हात धुऊन आले, आणि दारात उभे राहून बोलले.

“मग लिही. जे दिसलं ते लिही. बाप आहे म्हणून सोडू नको.”

जव्हारात आणि मोखाड्यात मिळून त्यांनी बत्तीस वर्षं पाट्या लिहिल्या होत्या. लोक म्हणायचे, शरीफभाईची पाटी दुकान बंद पडेपर्यंत पुसत नाही. या एका वाक्यावर त्यांचं सगळं उभं होतं. आता सोमवारी एका कागदावर त्यांच्या रंगात भेसळ आहे असं लिहिलं जाणार होतं, आणि अक्षर मुलीचं असणार होतं. त्यांनी ते लिहू नको असं एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

शुक्रवारी मी पाड्यावर दोन लिंबं घेऊन गेले. लिहायचंच आहे तर सिद्ध करून लिहू, असं ठरवलं होतं. खडूवर आम्ल पडलं की फेस येतो. ही शाळेतली गोष्ट. निळीवर लिंबाचा प्रयोग नीट होत नाही, तिच्यावर आम्लाचा भलताच परिणाम होतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणून मी नारिंगी कागद घेतले. रसाचा थेंब टाकला आणि कान लावून बसले. काही नाही. दुसरा कागद, तिसरा. एकही बुडबुडा नाही. गौराबाईंना वाटलं मी कागदाला लिंबू लावून खाणार आहे. त्यांनी मीठ आणू का विचारलं.

मग मी नखाने रंग खरवडला. खडू असता तर पूड पडली असती. याचा पापुद्रा निघाला. पातळ, किंचित कडक, अम्मीच्या खळ घातलेल्या ओढणीवरून निघतो तसा.

खळ. म्हणजे पिठूळ काहीतरी. प्रथमोपचाराच्या पेटीत टिंक्चर आयोडिनची बाटली होती. काडीच्या टोकाने एक थेंब नारिंगीवर ठेवला. बघता बघता तिथे निळसर काळा डाग पडला. पिठूळ पदार्थ असल्याचा याहून स्पष्ट पुरावा नसतो. मी आणखी पाच कागदांवर थेंब ठेवले, पाचही ठिकाणी काळे.

आता जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते मी केलं. अब्बांच्या तीन पुड्यांतून चिमूट चिमूट घेऊन, पाण्यात कालवून, कोऱ्या कागदावर तीन ठिपके दिले. यात मुलांचा हात नाही, करवंटी नाही. तिन्हींवर आयोडिन ठेवलं. थेंब तपकिरीच राहिले. आणि ठिपके स्वतः गडद होते. रामरज शेणाने सारवलेल्या भिंतीवर ऊन पडल्यासारखी, गेरू विटेसारखा, आणि निळीकडे तर बघवत नव्हतं. तीन वर्षं प्रयोगशाळेत घालवलेल्या मुलीने ज्या रंगाबद्दल तक्रार केली होती तो रंग एकदाही नुसता लावून बघितला नव्हता. पेल्यातला प्रयोग माझ्या पेटीतल्या रंगांचा होता, करवंट्यांतला अब्बांच्या, आणि मी दोन्हींची तुलना करत बसले होते.

पुडीत नाही आणि कागदावर आहे. म्हणजे ते वाटेत कुठेतरी मिसळत होतं, आणि वाट माझ्या अंगणातून जात होती.

मी मुलांना बोलावलं. करवंट्या मांडल्या. या वेळी एका जागी उभी राहिले आणि ठरवलं की लाडक्या काहीही पीत असला तरी हलायचं नाही. रामरज, नीळ, पाणी. “हा निळा. हा पिवळा. आता ढवळा.”

मुलं ढवळूकडे बघून हसली, नेहमीसारखी. मग कमूने सरळ गौराबाईंकडे हात केला. गौराबाईंनी वाडगा पुढे केला. कमूने त्यात चार बोटं बुडवली आणि पांढरं पाणी करवंटीत निथळलं. शेजारच्याने वाडगा घेतला. मग त्याच्या शेजारच्याने. कुणाला काही शोधावं लागत नव्हतं. ठरलेलं काम होतं.

“गौराबाई,” मी म्हटलं, “हे काय आहे?”

“कणी वाटलेली. पाण्यात.”

“ती रंगात कशाला?”

बाईला ऊन लागलं असावं, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तूच त सांगतस ना बाई. निळा, पिवळा, आता ढवळा. निळा हाय, पिवळा हाय. ढवळा तू आणलासच नाय. मंग पोरां काय घालतील?”

मला अजूनही कळलं नव्हतं. गौराबाईंनी शेवटी ढवळूला दंडाला धरून पुढे ओढलं, त्याचा गोरा गाल माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, “ढवळा. हा बघ ढवळा.”

ढवळा म्हणजे पांढरा. ढवळा बैल, ढवळी कोंबडी, रंगाने उजळ म्हणून ढवळू. मी जन्मले तिथून वीस किलोमीटरवर हा शब्द रोज बोलला जात होता. मी तो जव्हारच्या बाजारातही शंभरदा ऐकलेला असणार, आणि माझ्यासाठी तो फक्त चहात साखर घातल्यावर करायच्या क्रियेचा होता. दोन आठवडे मी मुलांना तीन रंग सांगत होते आणि दोनच देत होते. उरलेला रंग गौराबाई घरून आणत होत्या, कोंबड्यांसाठी ठेवलेली तांदळाची कणी भिजवून, पाट्यावर वाटून. लग्नात भिंतीवर चौकाचं चित्र लिहितात तेव्हा हाच ढवळा लागतो, त्यांनी सांगितलं. बाई शिकलेली, तिलाही तोच लागतो, याचा त्यांना जरा अभिमानही वाटला होता.

मी आंब्याच्या मुळीवर बसले आणि हसत सुटले. मुलंही हसली, त्यांना निमित्त पुरतं. हसणं ओसरल्यावर एक प्रश्न उरला. मी ढवळायला सांगत होते तेव्हा मुलं पांढरा घालत होती, तर मग रंग एकत्र कुणी केले? मी गौराबाईंना विचारलं, मग मी यांना कालवायला कधी सांगितलं?

“ते काय सांगाया लागतं?” गौराबाई म्हणाल्या.

त्या दिवशी मी शब्द बदलला. कालवा. पुस्तकात कालवा म्हणजे शेताला पाणी नेणारा पाट, पण या डोंगरात तसला कालवा कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे घोटाळ्याची भीती नव्हती. वाडगा मी बाजूला ठेवायला लावला आणि मुलांनी नुसता निळा-पिवळा कालवला. गडद, जरा काळपट, शेवाळासारखा हिरवा आला. मी खूश झाले. कमूने करवंटीत बघून ओठ काढला.

“हा त म्हातारा,” ती म्हणाली.

म्हणजे काय, मी विचारलं. तिने आंब्याकडे बोट दाखवलं. जून पानं गडद. मग बांधापलीकडच्या भाताकडे, जे आता निसवत होतं, लोंब्या नुकत्या डोकावत होत्या. ते पोर. तिने वाडग्यातून एक बोट निथळलं, कालवलं, आणखी एक निथळलं. हिरवा उजळत गेला. ढवळूने सांगितलं, आणखी घाल, मग तान्हा होतो. पुढच्या अर्ध्या तासात कागदावर म्हाताऱ्या हिरव्यापासून तान्ह्या हिरव्यापर्यंत सात पट्टे तयार झाले, आणि ते मी शिकवलेले नव्हते. माझ्या धड्यात पांढरा नव्हताच. मी प्रत्येक पट्ट्याखाली बोटांची संख्या लिहिली.

जीपमध्ये परतताना माझ्या मांडीवर ते कागद होते.

अब्बा दुकानाच्या पायरीवर बसून एका जीपची नंबरप्लेट लिहीत होते. आठाचा आकडा अर्ध्यावर होता. मी उभी राहून सगळं सांगितलं: लिंबू, आयोडिन, पुड्या, वाडगा, शब्द. डाग पडलेले आणि न पडलेले कागद त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी आठ पूर्ण केला, ब्रश पुसला आणि मग कागद हातात घेतले. एकेक करून उजेडाकडे धरले.

“ढवळा म्हणजे पांढरा, हे तुला माहीत नव्हतं?”

मी नाही म्हटलं.

“माझ्याकडे रोज मागतात. शरीफभाई, ढवळा दे.” त्यांच्या आवाजात हसू नव्हतं, रागही नव्हता. “तू मला विचारलं असतंस की अब्बा, यात पांढरा कुठून येतोय, तर आपण दोघांनी मिळून शोधलं असतं. तू विचारलंस, खडू घालता का.”

दोन्ही प्रश्न सारखेच वाटतात, पण एकात उत्तर आधीच घालून ठेवलेलं होतं. मला कुणी नीट सांगितलं असतं तर ते परीक्षेत लिहिता आलं असतं. पायरीवर उभं राहून कळलं ते वेगळं.

“चुकलं, अब्बा,” मी म्हटलं.

“प्लेट ओली आहे, ओढणी सांभाळ,” ते म्हणाले.

शनिवारी सकाळी मी जीपपाशी पोहोचले तर ते आधीच मागच्या बाकावर बसलेले होते, मांडीवर पत्र्याची पेटी. कुठे निघालात विचारलं तर म्हणाले, दाभोशाला. कुणाची पाटी आहे का, तर म्हणाले, बघू. वाटेत ते ड्रायव्हरशी त्याच्या जीपवरच्या अक्षरांबद्दल बोलत राहिले, माझ्याशी फारसं नाही.

पाड्यावर पोहोचल्यावर त्यांनी पेटीतून एक मोठी पुडी काढून गौराबाईंपुढे ठेवली. तिच्यावर लाल अक्षरांत, काळी सावली देऊन, दुकानाच्या पाटीवर लिहितात तसं लिहिलं होतं: खडू. मला ते वाचायला लागलं, इतरांसाठी ते चित्रच होतं. अब्बा माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली, आणि मग दोघांनाही हसू आलं. गुरुवारनंतरचं पहिलं.

गौराबाईंनी पुडी उघडली, चिमूट बोटांत चोळली आणि हा ढवळा कणीइतका धरत नाही असं सांगून टाकलं. अब्बा म्हणाले, डिंक घातला की धरतो. गौराबाई म्हणाल्या, कणीला डिंक लागत नाही. अब्बा म्हणाले, कणीला उंदीर लागतात. गौराबाई म्हणाल्या, “तुझ्या पाटीला त उंदीर पण चाटत नाय.” मला मध्ये पडावं असं वाटेना. शेवटी असं ठरलं की अर्ध्या करवंट्यांत कणी आणि अर्ध्यांत खडू घालायचा आणि वाळल्यावर बोट घासून बघायचं. मी आखून दिलेल्या कुठल्याही प्रयोगापेक्षा तो नीट आखलेला होता.

वाळेपर्यंत अब्बा मुलांमध्ये जमिनीवर बसले. त्यांनी काडीने रंग कालवायला घेतला तर कमूने काडी काढून घेतली आणि बोट दाखवलं. बत्तीस वर्षं ब्रश धरलेल्या माणसाने निमूट बोट बुडवलं. त्यांनी भाताचं एक पान आणवलं आणि म्हणाले, याच्यासारखा कोण करतो बघू. सगळेच लागले. अब्बांचा हिरवा जरा पिवळट झाला. कमूचा पानावर ठेवला तर कडा दिसेना. अब्बांनी ती करवंटी माझ्याकडे दिली. “बघ,” एवढंच म्हणाले, पण पाटी मनासारखी झाली की रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघताना त्यांचा चेहरा असायचा, तसा तेव्हा होता.

बोट घासून बघितल्यावर कणी जिंकली. खडूही डिंकामुळे बऱ्यापैकी धरून होता, असं अब्बांचं मत पडलं आणि ते त्यांनी तीनदा मांडलं.

निघताना कमूने त्यांना जांभळा मागितला. पिकलेल्या जांभळाचा. मी गेरू आणि निळीतून करून बघितला होता, तो चिखल झाला होता, हे मी सांगितलं. अब्बा म्हणाले, बघू.

रविवारी दुपारी मी वर्षाताईंसाठी टिपण लिहायला बसले. लिहिलं की पहिल्या दोन पाठांत रंग फिकट आला, याचं कारण शिक्षिकेने वापरलेला शब्द. लिंबाचा आणि आयोडिनचा निकाल लिहिला. तीन पुड्यांत भेसळ आढळली नाही, रंग उत्तम आहेत. पांढरा रंग संस्थेने अभ्यासक्रमात घ्यावा, आणि तो गावागावांत मिळणाऱ्या कणीचा घ्यावा, अशी सूचना केली. सोबत कमूचे सात पट्टे जोडले.

अब्बांनी वाचायला मागितलं. चष्मा लावून, पाटीचा मजकूर तपासतात तसं शब्दाशब्दावर बोट ठेवत वाचलं. एका जागी बोट थांबलं.

“उत्तम आहेत हे तू कशाने तपासलंस?”

मी म्हटलं, तसं तपासलं नाही, पण आहेत ना.

“तपासलंस ते भेसळ नाही हे. तेवढंच लिही.”

मी ‘रंग उत्तम आहेत’ एवढं खोडलं. त्यांनी मान हलवली, कागद परत केला आणि अम्मीला हाक मारून जुन्या बशा मागितल्या. अम्मी म्हणाली, चांगल्या नेऊ नका. त्यांनी चांगल्याच नेल्या. अंगणात फरशीवर आम्ही दोघं समोरासमोर बसलो. गेरू, नीळ, पाणी. पहिला जांभळा चिखल झाला. मग नीळ दुप्पट केली, तो निळसर चिखल झाला. अब्बा म्हणाले, या लालातच पिवळं दडलंय, ते जांभळा होऊ देत नाही. मग पिवळं नसलेला लाल कुठे मिळेल, मी म्हटलं, आणि तो चाटला तरी चालला पाहिजे. अम्मी दारातून म्हणाली, बीट. अब्बा म्हणाले, बीट उन्हात उडेल. अम्मी म्हणाली, मग उडू दे, पोरं उद्या परत करतील.

अब्बांनी बीटाचा रस आणि नीळ कालवलेल्या बशीत बोट फिरवलं, कागदावर ओढलं आणि लांब धरून बघितलं. “अर्धा चमचा नीळ अजून,” ते म्हणाले. मी घातली आणि वहीत लिहून घेतली.